किळस न आलेला माणूस

मृणालिनीला आपल्या धाकट्या दिराची कादंबरी वाचताना पहिल्याच प्रकरणात रडू आलं, आणि तिसऱ्या प्रकरणात कळलं की आपण जिचा इतका वेळ राग राग करतोय ती बाई आपणच.

हे उशिरा कळायला कारण होतं. उन्मेषने कादंबरीतलं घर ठाकूरद्वारच्या चाळीतून उचलून लालबागला नेऊन ठेवलं होतं. प्रकाशकाचं म्हणणं असं पडलं होतं की गिरगावातलं दुःख वाचकाला पुरत नाही, लालबागचं पुरतं. सासूबाईंची, म्हणजे माईंची, अक्का झाली होती. गोदीत नोकरी करणाऱ्या विकासचा, म्हणजे मृणालिनीच्या नवऱ्याचा, गिरणीत जाणारा भोळा दादा झाला होता. सांगणारा 'मी' तेवढा जागच्या जागी होता. हळवा, अबोल, बहुतेक वेळ उपाशी, आणि लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या आईच्या उशाशी बसलेला. कादंबरीचं नावच 'उशापाशी'. हा 'मी' आईला पेज भरवायचा, तिची कूस वळवायचा, पाठीला पडलेल्या जखमा पुसायचा, भांडं द्यायचा, चादरी धुवायचा. आणि दारात एक वहिनी उभी असायची. नाकाला रुमाल लावून.

मृणालिनी डाळ शिजेपर्यंत म्हणून वाचायला बसली होती. त्या वहिनीचा तिला असा काही संताप आला की कुकरच्या शिट्ट्या ऐकूच आल्या नाहीत. 'काय बाई आहे का कोण,' असं ती मोठ्याने म्हणालीसुद्धा. पुढच्या पानावर वहिनीच्या डाव्या भुवईत विळीच्या पात्याचा जुना व्रण निघाला. मृणालिनीचा हात आपोआप आपल्या डाव्या भुवईकडे गेला. डाळ करपल्याचा वास आला तो त्याच सुमारास.

पहिली किळस आली ती स्वतःची. उन्मेषची नंतर आली आणि पुरून उरली. आपण इतका वेळ एका माणसाच्या डोक्यात बसून त्याच्या खिडकीतून आपल्याच घरात बघत होतो, आणि घरातली बाई आपल्याला आवडली नाही. त्यातून वाईट हे की पुस्तक मिटल्यावरही त्या बिचाऱ्या 'मी'साठी गळा दाटलेला होता. तिने तो खाकरून मोकळा केला आणि करपलेली डाळ मोरीत ओतली.

झालं होतं ते असं. वीसेक वर्षांपूर्वी माई दीड-दोन वर्षं अंथरुणाला होत्या. दोन खोल्यांचं घर, खाट बाहेरच्या खोलीत. भरवणं, पुसणं, भांडं, चादरी, सगळं मृणालिनीने केलं. उन्मेष तेव्हाच दादरला हिंदू कॉलनीत राहायला गेला होता. दर रविवारी यायचा. येताना बेकरीतली खारी आणायचा, जी माईंना गिळता यायची नाही आणि म्हणून त्यालाच खावी लागायची. खोलीत पाऊल टाकायच्या आधी खिशातून रुमाल काढायचा. त्यावर युडीकोलनचे सुगंधी थेंब असायचे. तो रुमाल नाकाला लावून दारातून म्हणायचा, "माई, बरं वाटतंय ना?" माईंना बोलता येत नसल्यामुळे हा प्रश्न सुटलेला असायचा.

मग गॅलरीत बसून तो मृणालिनीला विचारायचा, "वहिनी, ती जखम आता कशी दिसते गं? कडेला कसा रंग असतो? तू पुसतेस तेव्हा माई डोळे मिटते की उघडे ठेवते?"

मृणालिनीला वाटायचं, मुलगा आहे, आत बघवत नाही म्हणून बाहेरून विचारतो. ती सगळं सांगायची. पदराला हात पुसत, चहा ढवळत, अगदी बारीकसारीक. आता ते बारीकसारीक सगळं, चहा वगळून, पुस्तकात होतं. तिचा शब्दही त्याने फारसा बदलला नव्हता. फक्त रुमाल तेवढा तिच्या हातात दिला होता.

"अगं, कादंबरी आहे ती," विकास म्हणाला. तो आता निवृत्त झाला होता आणि कशावरही वाद न घालण्याचं काम पूर्ण वेळ करत होता. "कादंबरीत खोटंच असतं सगळं."

"मग तुम्हाला भोळा म्हटलंय तेही खोटं?"

"ते जरा बरोबर आहे," विकास म्हणाला. आपल्यावर साडेचार ओळी आल्या याचं त्याला मनातून बरं वाटलं होतं.

चाळीत कोणाचंच काही लपून राहत नाही, म्हणून मृणालिनीला चाळीची मात्र काळजी नव्हती. सगळी चाळ साक्षीदार होती. समोरच्या खोलीतली ललिता तर रोज पहाटे नळावर तिच्या शेजारी असायची, त्या चादरींपासून आपल्या बादल्या लांब सरकवून. ती एक दिवस पुस्तक छातीशी धरून आली, डोळे पुसत.

"काय गं केलं उन्मेषने आईसाठी," ललिता म्हणाली. "मुलीला लाजवेल."

"तू बघितलंस?"

"मग. या डोळ्यांनी."

"चादरी कोण धुवायचं गं, ललिता? नळावर?"

"तोच की. पहाटे, कोणी बघू नये म्हणून. लिहिलंय ना त्यात." तिच्या चेहऱ्यावर माफ करण्याची तयारी दिसू लागली. "तू नको मनाला लावून घेऊस. तूही खूप केलंस तुझ्या परीने. दारात उभं राहायचं म्हणजे काय कमी ताण असतो?"

बाई खोटं बोलत नव्हती, हेच भयंकर होतं. नळावरची पहाट तिच्या डोक्यातून धुऊन निघाली होती आणि तिथे पुस्तकातली पहाट सुकत घातली होती. मग तळमजल्यापासून वरपर्यंत एकेकजण येऊन आपण उन्मेषला चादरी धुताना कसं पाहिलं ते सांगून गेला. एकाने तर पाण्याने भिजलेली त्याची खाकी हाफपँटही पाहिली होती. उन्मेषने जन्मात खाकी हाफपँट घातलेली नव्हती. ती पुस्तकातल्या 'मी'ची होती.

हे सगळं मृणालिनीने गिळलं असतं. गिळायची तिला सवय होती. पण आरोही होती.

आरोही तिची मुलगी. सव्वीस वर्षांची, परळच्या एका ऑफिसात जाणारी, काकाची लाडकी. माई गेल्या तेव्हा ती पाच-सहा वर्षांची होती. त्यामुळे घरात काय झालं हे तिला आताच, छापील, कळत होतं. तिने काकाकडून पुस्तकावर सही आणली होती. वाचून झाल्यावर दोन दिवस ती आईशी फार गोड वागली. चहाचा कप स्वतः विसळून ठेवला. तेव्हाच मृणालिनीला संशय आला.

"आई," आरोही तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी तुला जज करत नाहीये. प्रत्येकाला नाही जमत असं काही. इट्स ओके."

"काय नाही जमत?"

"केअरगिव्हिंग. काकाला जमलं. तो वेगळाच माणूस आहे."

"आरू, ते सगळं मी केलंय. काका रविवारी यायचा. खारी खायचा."

आरोहीने आईचा हात हातात घेतला. ऑफिसात रडणाऱ्या माणसाचा घेतात तसा. "तुझा पॉइंट ऑफ व्ह्यू आहे तो. तोही व्हॅलिड आहे."

मृणालिनीने हात सोडवून घेतला. लेकीने भांडण केलं असतं तर तिला चाललं असतं. ही जी मऊ, पुसून घेतलेली क्षमा होती, ती अंगावरून झुरळ गेल्यासारखी वाटली. शिवाय वाद घालायला जागाच नव्हती. तिचा 'मी' तोंडी होता. उन्मेषच्या 'मी'ला पुठ्ठा होता, मुखपृष्ठावर समई होती आणि मागे उन्मेषचा फोटो होता, हनुवटीला हात लावलेला. पुढेमागे आपण अंथरुणाला खिळलो, तर ही पोर आपल्याकडे त्या वहिनीकडे बघावं तशी बघत आपलं करील. चांगलं करील, रुमाल न लावता करील, आणि मनात म्हणेल, हिने मात्र केलं नाही. हे काही केल्या मृणालिनीच्या घशाखाली उतरेना.

अशात तात्या आले. तात्या म्हणजे चाळीच्या मंडळाचे चिटणीस. किती वर्षं, ते त्यांनाही आठवत नव्हतं. दर सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन, दुपारी सार्वजनिक सत्यनारायण आणि संध्याकाळी कार्यक्रम, ही चाळीची रीत. कार्यक्रमात काम कोण करणार हे तात्या ठरवत, आणि तात्यांनी दिलेलं काम नाकारायचं नाही ही त्याहून जुनी रीत. पूजेचं काम म्हणून. मागे एकदा दात पडलेल्या रामजींनी याच रितीपायी बासरी वाजवली होती.

"यंदा उन्मेषचा सत्कार," तात्या म्हणाले. "आणि 'उशापाशी'चं अभिवाचन. त्यातलं ते जखमा पुसण्याचं प्रकरण. लोक हुंदके देतील. 'मी' तू वाचायचंस."

"मी?"

"तू नाही तर कोण? मंडळाच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन तूच करतेस, माइकवर तुझ्यासारखा आवाज चाळीत नाही. उन्मेषला नाही सांगता येत, तो आता दादरचा. वाचणारा चाळीतलाच लागतो."

"तात्या, त्या प्रकरणात मी कोण आहे ठाऊक आहे ना?"

"कोण?"

"दारातली."

तात्यांनी क्षणभर विचार केला. "मग तर चांगलंच आहे की," ते म्हणाले. "प्रायश्चित्त होईल."

तिला त्यांना जिन्यावरून ढकलावंसं वाटलं. पण रीत ती रीत. तिने पुस्तक घेतलं.

सव्वीस जानेवारीला सकाळी, झेंडा वर आणि लोक खाली असताना, मोरी तुंबली. विकास दारात आला, आत डोकावला आणि शर्टाचं टोक नाकाला लावून म्हणाला, "बोलावू का कोणाला?"

"कोण येणार आज? व्हा बाजूला."

मृणालिनीने बाही वर सारली आणि हात घातला. केस, शितं, साबणाचा लगदा, आणि या सगळ्याचं मिळून जे काहीतरी होतं आणि ज्याला मराठीत शब्द नाही ते, असं सगळं तिने मुठीत ओढून वर काढलं. पोटातून उमासा आला. तिने तोंड फिरवलं, तोंडाने एक श्वास घेतला, परत वळली आणि उरलेलं काढलं. आणि तशीच, हात घाण, मोरीच्या कठड्यावर बसून राहिली.

कारण तिला एकदम दिसलं. त्या कादंबरीतल्या माणसाला नाकच नव्हतं.

डोळे होते, ते सारखे भरून यायचे. हात होते. काळीज तर पानोपानी होतं. पण इतके महिने आईचं सगळं करून त्याला एकदाही उमासा आला नव्हता. मृणालिनीला रोज यायचा. सकाळी यायचा, संध्याकाळी यायचा, अन्नावरची वासना जायची. तोंड फिरवायचं, श्वास सोडायचा, परत वळायचं, हेच तर ते काम होतं. भांडं आणि फडकं ही त्यातली किरकोळ बाब. उन्मेषने तिचेच दोन तुकडे केले होते. हात स्वतःला घेतले, नाक वहिनीला दिलं. आणि जिच्याकडे नाक ती दुष्ट ठरली.

"निघालं का?" विकासने लांबून विचारलं.

"निघालं," मृणालिनी म्हणाली.

संध्याकाळी चाळीच्या चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. पूजा आटोपली होती, प्रसादाचा शिरा द्रोणांतून फिरत होता. उन्मेष पहिल्या रांगेत, शाल खांद्यावर, श्रीफळ मांडीवर. शेजारी आरोही, काकाच्या खुर्चीला टेकून. तात्यांनी 'मातृभक्त' हा शब्द भाषणात इतक्या वेळा वापरला की उन्मेषने नम्र दिसायचं सोडून दिलं.

मृणालिनी माइकसमोर आली. सुरुवातीला तिने छापल्याबरहुकूम वाचलं.

"अक्काच्या पाठीवरची जखम मी कोमट पाण्याने पुसली. जखमेतून बकुळीचा मंद वास येत होता. आईच्या देहाला दुसरा कुठला वास असणार?"

समोरून एक हुंदका आला. ललिता.

पुढची ओळ अशी होती: 'वहिनीला तो वास सहन होईना. तिने तोंड फिरवलं.' मृणालिनीने पान सरळ केलं, आवाज होता तोच ठेवला आणि वाचलं,

"मला तो वास सहन होईना. मी तोंड फिरवलं. माझ्या पोटात ढवळून आलं. मी मोरीकडे धावले, ओकारी काढली, चूळ भरली."

तात्यांनी हातातल्या प्रतीत बोट घालून ओळ शोधायला सुरुवात केली.

"मग मी परत आले," मृणालिनी वाचत राहिली, "आणि चादर बदलली. खालची चादर पाठीला चिकटली होती. ती मी पाणी लावून लावून सोडवली. चादरीबरोबर काय काय सुटून येत होतं. माझ्या नखांत गेलं. मी म्हणाले, सुटा हो माई एकदाच्या, मला नाही बघवत. आणि मी त्यांना पेज भरवली."

नखांचं वाक्य पुस्तकात नव्हतं, माईंचं नावही नव्हतं. 'सुटा एकदाच्या' होतं. ते वहिनीच्या तोंडी होतं आणि त्यावर 'मी'ने एक अख्खं पान अश्रू ढाळले होते. पेज भरवल्याचंही होतं, पण ते 'मी'च्या वाट्याला. आता दोन्ही एकाच माणसाने केलं होतं. द्रोणांतले चमचे थांबले. कोणीतरी शिऱ्याकडे बघितलं आणि द्रोण खुर्चीखाली ठेवला. साजूक तुपातला, केळं घातलेला, चांगला मऊसूत शिरा. तोच आता कोणाला बघवेना.

पहिल्या रांगेत उन्मेषचा हात शालीखाली गेला. विचार करून नव्हे. गुडघ्यावर टिचकी मारली की पाय उडतो तसा. त्याने रुमाल काढला आणि नाकाला लावला. चौकात युडीकोलनचा वास सुटला.

मृणालिनीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती आरोहीकडे बघत होती. आरोहीने टेकलेली खुर्ची सोडली होती आणि ती काकाच्या रुमालाकडे बघत होती, ओळखीचा माणूस भलत्या गावी दिसावा तशी.

प्रकरण संपलं. टाळ्या जरा उशिरा आल्या, पण आल्या.

"बरं वाचलंस," तात्या जवळ येऊन हळूच म्हणाले. "मधे मात्र चुकलीस. वहिनीच्या जागी 'मी' वाचत गेलीस."

"वय झालं, तात्या. ओळी एकमेकींत जातात."

ललिता डोळे टिपत आली. "अगं, किती किळसवाणं वाचलंस. माझ्या तर पोटातच कालवलं. काय काय भोगलंय उन्मेषने, देवा." आणि ती त्याच्या पाया पडायला गेली.

उन्मेषने जाता जाता मृणालिनीसमोर थांबून रुमालाची घडी केली. "वहिनी, तू लय घालवलीस माझ्या गद्याची," तो म्हणाला. "वाचकाला त्रास होतो अशाने. वाचक 'मी'बरोबर राहायला पाहिजे."

"राहिला की, भावोजी," मृणालिनी म्हणाली. "मी होतेच तिथे."

त्याने थोडा वेळ उत्तर शोधलं. मग त्याला टॅक्सी मिळाली.

चौक रिकामा होत होता. खुर्च्यांखाली द्रोण भरलेलेच पडले होते. मृणालिनी पातेल्याशी उभी राहून उरलेला शिरा खरवडत होती, तेव्हा आरोही येऊन शेजारी थांबली.

"तुझ्या हाताला वास यायचा," ती म्हणाली.

मृणालिनीचा कालथा थांबला.

"मी लहान असताना. डेटॉल आणि खाली आणखी काहीतरी. मी तुझ्या हातचं जेवायचे नाही. तू घास पुढे केलास की तोंड फिरवायचे. मग काका आला की त्याच्या मांडीवर बसून त्याच्या हातचं खायचे. त्याच्या हाताला छान वास यायचा. हाच, आत्ताचा." तिने खालचा ओठ चावला. "त्याच्या हाताला कधीच वास आला नाही गं दुसरा. इतकं सगळं करून."

"हं," मृणालिनी म्हणाली.

"तुला खरंच ओकारी यायची?"

"रोज."

"मग कशी करायचीस?"

"ओकून यायचे आणि करायचे."

आरोहीने मान हलवली. व्हॅलिड वगैरे काही म्हणाली नाही. तिने तळवा पुढे केला. मृणालिनीने पातेल्याच्या तळाचा, जरा खरपूस लागलेला शिरा बोटांनी गोळा करून तिच्या हातावर ठेवला. आरोहीने तो हात तोंडाशी नेण्याआधी आईचंच मनगट धरलं आणि बोटं हुंगली.

"येतोय अजून," ती म्हणाली.

"तो मोरीचा. सकाळी तुंबली होती. साबणाने जात नाही मेला."

आरोहीने तोंड फिरवलं. एक श्वास सोडला. मग परत वळली आणि शिरा खाल्ला.